लहान यंत्र आणि खरा सूर

गिटार हातीं येतांच मोठ्या ॲम्प्लिफायरचा हट्ट धरणारे विद्यार्थी आणि त्या हट्टानें खर्चाच्या काळजींत पडणारे पालक, असे दोन्ही आमच्या पाहण्यांत वारंवार येतात. ज्यास ब्लूज संगीत साधावयाचें आहे, त्यास मोठ्या यंत्राची गरज नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. पांच वॅटचें लहान व्हॉल्व्हचें यंत्रच त्याचा अधिक कडक व अधिक प्रामाणिक गुरु होय.

ब्लूज हें अमेरिकेच्या दक्षिण भागांतील आफ्रिकी वंशाच्या कष्टकरी लोकांचें गाणें. मडी वॉटर्स हे १९४३ सालीं मिसिसिपीहून शिकागोस आले. तेथील गोंगाटांत साधी गिटार ऐकूं जाईना, म्हणून त्यांनीं विजेची गिटार जवळ केली. त्या काळचीं यंत्रें लहान; मोठा आवाज हवा असल्यास त्यांवर पुरा भार द्यावा लागे. त्या भारानें स्वरांत जी किंचित् खरखर शिरली, तीच पुढें या संगीताची ओळख झाली.

याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. जुन्या रेडिओंत तांबूस उजळणारे व्हॉल्व्ह पालकांच्या स्मरणांत असतील. त्यांनाच वादक ट्यूब म्हणतात. बेताचा भार असतां व्हॉल्व्ह स्वच्छ आवाज देतो. भार वाढला कीं ध्वनिलहरींचे माथे हळूहळू बोथट होतात आणि मूळ स्वरासवें उपस्वर वाढतात. तंबोऱ्याच्या तारेखालीं जवारीचा दोरा सरकवितांना आपले गवई जी स्वराची भरदार झांक शोधतात, तिच्याशीं याचें नातें आहे.

आतां प्रत्यक्ष कृति. गिटारीवरील आवाजाचें बटण पूर्ण उघडावें आणि यंत्राचें बटण अगदीं खालून हळूहळू चढवावें. हलका स्पर्श स्वच्छ राहतो व जोराचा आघात किंचित् खरखरतो, अशी जागा सांपडली कीं थांबावें. खर्ज कमी ठेवावा, कारण भाराखालीं तो गढूळ होतो. मध्य स्वर राखावे, कारण गिटारीचा कंठ तेथें आहे. तार स्वर कानास टोंचणार नाहीं इतकाच असावा. प्रतिध्वनीची सोय असल्यास ती मिठासारखी वापरावी. मग साथ करितांना गिटारीचें बटण थोडें उतरवावें आणि एकल वादनास पुन्हां चढवावें. फेंडर कंपनीच्या ‘चँप’ या यंत्राला १९५० ते ६० च्या दशकांत आवाजाचें एकच बटण होतें. बाकीचें सारें काम वादकाच्या हातास करावें लागे. एरिक क्लॅप्टन यांनीं १९७० सालच्या ‘लैला’च्या ध्वनिमुद्रणांत चँपच वापरला होता.

आमचा खरा मुद्दा येथेंच आहे. भडक खरखरीच्या यंत्रांत मृदु व कठोर आघात सारखेच ऐकूं येतात आणि बोटांचे दोष झांकले जातात. लहान यंत्र कांहींच झांकीत नाहीं. तार ताणून काढलेली मींड स्वरास पोंचली नाहीं, तर तें तत्काळ सांगतें. बी. बी. किंग यांचा एकेक स्वर ओळखूं येई, तो डाव्या हाताच्या कंपनामुळें. तें कंपन दुकानांत मिळत नाहीं.

‘एवढेंसें यंत्र सभागृहांत कसें पुरेल?’ असें कोणी विचारील. पन्नास वॅटचें यंत्र पांच वॅटच्या दसपट मोठें वाटतें खरें. पण कानास त्याचा आवाज सुमारें दुप्पटच भासतो. सभागृहांत लहान यंत्रापुढें मायक्रोफोन ठेविला कीं काम भागतें.

पालकांस दोन सूचना. बंद खोलींत पांच वॅटही थोडे नव्हेत. म्हणून सरावाची वेळ ठरवून द्यावी आणि मुलांचे कान व शेजाऱ्यांची शांतता दोन्ही जपावीं. दुसरें, यंत्राची पाठ मुलांना कधींही उघडूं देऊं नये. आंत शेंकडों व्होल्टांचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही तो कांहीं काळ टिकतो.

व्हॉल्व्हचें यंत्र स्वस्त नसतें. म्हणूनच तें लहान घ्यावें आणि उरलेला पैसा चांगल्या शिक्षकासाठीं राखावा. विद्यार्थिमित्रहो, एकाच बटणावर आपल्या हाताच्या साऱ्या छटा ऐकवितां येऊं लागल्या, म्हणजे मग मोठें यंत्र खुशाल मागा. त्या वेळीं पालकांजवळ तुमची रदबदली करावयास आम्ही स्वतः येऊं.