पाहुणा संघ पुढच्या गावी जातो, प्रेक्षक वाहनतळात अडकतो: मर्यादित षटकांच्या दौऱ्यांबाबत मागणीपत्र

प्रति,
मा. सचिव, भारतीय क्रिकेट नियामक मंडळ, मुंबई
मा. सचिव, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ क्रिकेट असोसिएशन

प्रत माहितीसाठी: गृह विभाग व क्रीडा विभाग, महाराष्ट्र शासन

विषय: परदेशी संघांच्या मर्यादित षटकांच्या दौऱ्यातील सामने देताना यजमान संघटनांवर प्रेक्षकांच्या सोयीच्या अटी घालण्याबाबत

महोदय,

२०२५ च्या जानेवारीत इंग्लंडचा संघ पाच टी-ट्वेंटी आणि तीन एकदिवसीय सामने खेळायला आपल्याकडे आला. २२ जानेवारीला कोलकाता, मग चेन्नई, राजकोट, पुणे, मुंबई, नागपूर, कटक आणि १२ फेब्रुवारीला अहमदाबाद. बावीस दिवसांत आठ सामने, आणि प्रत्येक सामना वेगळ्या शहरात. त्यांतले सलग तीन महाराष्ट्राच्या वाट्याला आले: ३१ जानेवारीला गहुंजे, २ फेब्रुवारीला वानखेडे, ६ फेब्रुवारीला जामठा. खेळाबद्दल आमची काही तक्रार नाही. वानखेडेवर अभिषेक शर्माने ५४ चेंडूंत १३५ धावा कुटल्या आणि इंग्लंडचा अख्खा डाव ९७ धावांत गुंडाळला गेला. ज्यांना तो सामना स्टँडमध्ये बसून पाहता आला, ते भाग्यवानच. आमची तक्रार सीमारेषेच्या अलीकडच्या, म्हणजे आमच्या बाजूच्या व्यवस्थेबद्दल आहे.

ही तक्रार आम्ही एकेका मैदानाच्या नावाने मांडत नाही, कारण दोष मुळात दौऱ्याच्या आखणीत आहे. कसोटी पाच दिवसांची असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये गहुंजेला न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीत पहिल्याच दिवशी प्रेक्षकांना प्यायला पाणी मिळेना. यजमानांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि पुढे व्यवस्था सुधारतो म्हणाले. सुधारायला त्यांच्या हाती निदान दुसरा दिवस तरी होता. टी-ट्वेंटीला दुसरा दिवस नसतो. सामना रात्री अकराच्या सुमारास संपतो, सकाळपर्यंत जाहिरातींचे फलक उतरतात, दोन्ही संघ, पंच आणि प्रक्षेपणाच्या गाड्या पुढच्या गावाला निघतात. त्या शहरात पुढचा सामना कधी येईल ते कोणालाच ठाऊक नसते, आणि येतो तेव्हा पदाधिकारी, कंत्राटदार आणि बंदोबस्ताचे अधिकारी बहुधा बदललेले असतात. पंगत उठल्यावर मिठाची चौकशी कोण करणार?

म्हणून आमच्या सगळ्या मागण्या सामन्याच्या आधीच्या एका क्षणाकडे बोट दाखवतात: मंडळ एखाद्या संघटनेला सामना बहाल करते तो क्षण. खेळपट्टी, प्रकाशझोत, खेळाडूंची ड्रेसिंग रूम, प्रक्षेपणाचे कॅमेरे यांबद्दलच्या अटी पाळल्याशिवाय कोणालाही आंतरराष्ट्रीय सामना मिळत नाही. त्या यादीत प्रेक्षकाचे नाव घाला, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हे मागण्याचा अधिकार आम्हाला कुठून आला, असे कोणी विचारील. मंडळाची कामे सार्वजनिक स्वरूपाची आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१५ च्या निकालात स्पष्ट केले आहे. शिवाय राज्य सरकारने २०२३ मध्ये सामन्यांच्या पोलिस बंदोबस्ताचे शुल्क घटवले, तेही २०११ पासून मागे जाऊन; त्यावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. म्हणजे वानखेडेवरच्या बंदोबस्ताचा काही भार गडचिरोलीच्या करदात्यानेही उचलला. तो कधी वानखेडेची पायरी चढणार नसेल. पण जो चढतो त्याला निदान माणसासारखे वागवले जावे, इतके तरी त्या पैशातून निघायला हवे.

पहिली मागणी सामन्यांच्या वाटपाची. एका दौऱ्यातले किमान दोन सामने सलग एकाच मैदानावर द्यावेत. हे अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. मार्च २०२१ मध्ये इंग्लंडविरुद्धचे तिन्ही एकदिवसीय सामने २३, २६ आणि २८ तारखेला गहुंजेलाच झाले. करोनामुळे स्टँड मात्र रिकामे होते. घरच्या मैदानावर सलग तीन सामने झाले आणि पुणेकरांनी ते दूरचित्रवाणीवर पाहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये वेस्ट इंडीजचे एकदिवसीय सामने सगळे अहमदाबादला आणि टी-ट्वेंटी सगळे कोलकात्याला झाले. डिसेंबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या महिला संघाचे तीन टी-ट्वेंटी ६, ९ आणि १० तारखेला वानखेडेवरच खेळवले गेले. साथीत जमते, महिलांच्या मालिकेला जमते, तर पुरुषांच्या मालिकेला का जमू नये? दुसरा सामना हाताशी असला की पहिल्या सामन्यातली चूक लपवता येत नाही आणि दुरुस्त करायला वेळही मिळतो. खेळाडूंची विमानतळावरची धावपळ वाचेल ती वेगळी.

यावर आमच्यातही एकमत नव्हते, हे इथे सांगणे योग्य. विदर्भातल्या सभासदांचे म्हणणे असे की जामठ्याला आधीच सामने कमी, त्यात दोन-दोन एका जागी देऊ लागलात तर आमची पाळी आणखी लांबेल. मुद्दा खरा आहे. त्यावर तोडगा म्हणून पाळी सामन्यागणिक न लावता मालिकेगणिक लावावी आणि पुढच्या तीन हंगामांचे वाटप एकदम जाहीर करावे. उशीर झाला तरी आपला नंबर कधी लागणार हे माणसाला आधी कळेल.

दुसरी मागणी तिकिटांची, आणि सर्वांत कडू विषय हाच. मुंबईकरांना हे नव्याने सांगायला नको. वानखेडे स्टेडियमच मुळी तिकिटांच्या भांडणातून उभे राहिले. ब्रेबॉर्नवरच्या सामन्यांत जागा किती मिळाव्यात यावरून तेव्हाची बॉम्बे क्रिकेट असोसिएशन आणि क्रिकेट क्लब ऑफ इंडिया यांचे बिनसले. बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी जवळच दुसरे मैदान उभारण्याचे मनावर घेतले आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झालीसुद्धा. पण ते भांडणही संस्थांचे आपापसातले होते. रांगेतल्या माणसासाठी कोणी स्टेडियम बांधलेले नाही.

२०१८ मध्ये तेच पुन्हा झाले. मंडळाच्या नव्या घटनेनुसार नव्वद टक्के तिकिटे सर्वसामान्यांसाठी विक्रीला ठेवायची होती. मानार्थ तिकिटांवरून वाद पेटला आणि वेस्ट इंडीजविरुद्धचा इंदूरचा एकदिवसीय सामना विशाखापट्टणमला गेला. त्याच दौऱ्यातला वानखेडेचा सामनाही प्रशासकीय गोंधळात ब्रेबॉर्नवर हलला. फुकट पासांसाठी सामना दुसऱ्या राज्यात जाऊ शकतो, इतकी त्या पासांची ताकद आहे. तेव्हा आमचे मागणे असे की प्रत्येक सामन्याआधी यजमान संघटनेने एक साधा तक्ता प्रसिद्ध करावा: एकूण आसने किती, विक्रीला किती, सभासद व क्लबांना किती, प्रायोजकांना किती, पोलिस, महापालिका आणि मंत्रालयाला किती. शेवटच्या रकान्यात आकडा लिहिताना ज्याचा हात थरथरेल त्याने तो आकडा कमी करावा.

विक्रीच्या तारखेचेही तसेच. इंग्लंडच्या दौऱ्याचे वेळापत्रक जून २०२४ मध्ये जाहीर झाले होते. तिकिटे मात्र सामना तोंडावर आल्यावर बाजारात आली. इंग्लंडमध्ये पुढच्या उन्हाळ्याच्या तिकिटांसाठी आदल्या वर्षीच नावे मागवून सोडत काढतात. आपल्याकडे सोलापूर किंवा लातूरच्या माणसाला गहुंजेला यायचे तर रजा, एसटीचे आरक्षण आणि मुक्कामाची सोय हे सगळे आठवड्याभरात जमवावे लागते. त्याला जमत नाही, काळाबाजारवाल्याला जमते. विक्री किमान साठ दिवस आधी सुरू व्हावी आणि मागणी जास्त असेल तिथे सोडत काढावी. ऑनलाइन पैसे भरल्यावर पुन्हा खिडकीवर जाऊन कागदी तिकीट घेण्याची सक्ती बंद करावी. बाकी सगळा देश मोबाइलवरचा कोड दाखवून विमानात बसतो. ज्याला तिकीट नको असेल त्याला ते छापील किमतीला परत विकता येईल अशी अधिकृत सोय हवी.

तिकिटे सरसकट स्वस्त करा असे आम्ही म्हणत नाही. पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्यावरच्या तिकिटावर अठरा टक्के आहे. तेव्हा विक्रीतली किमान एक चतुर्थांश आसने पाचशेच्या आत ठेवावीत आणि ती मैदानाच्या एकाच कोपऱ्यात कोंबू नयेत.

तिसरी मागणी परताव्याची. २३ सप्टेंबर २०२२ रोजी जामठ्याला ऑस्ट्रेलियाविरुद्धचा सामना सातऐवजी साडेनऊला सुरू झाला, कारण मैदान ओले होते. वीस षटकांचे पैसे भरलेल्यांनी आठ षटकांचा सामना पाहिला. रोहित शर्माने तो जिंकून दिला म्हणून ओरड झाली नाही. त्याच वर्षी जूनमध्ये बंगळुरूला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ३.३ षटकांनंतर पाऊस आला. तिकिटावरच्या अटीनुसार एक चेंडू पडला की परतावा संपला. तरीही तिथल्या संघटनेने निम्मे पैसे परत केले. हे त्यांचे मोठेपण होते. आम्हाला मोठेपण नको, नियम हवा. एका डावात पाच षटके झाली नाहीत तर पूर्ण पैसे परत, आणि सामना निम्म्याहून लहान झाला तर निम्मे. कारण पावसाचे नसून यजमानांच्या हलगर्जीचे असेल तर वेगळा हिशेब. ९ फेब्रुवारी २०२५ ला कटकला दिवे गेले आणि भारताचा डाव अर्ध्या तासाच्या आसपास थांबला. ओडिशा सरकारने तिथल्या संघटनेला नोटीस काढली, हे चांगलेच केले. पण अंधारात बसलेल्यांच्या हाती त्यातून काही पडले नाही.

सामन्याच्या जागा निवडताना हवामानाकडे बघावे, हेही याच मागणीत येते. डिसेंबरच्या रात्री लखनऊला धुके पडते हे कळायला हवामान खात्याची गरज नाही. २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा तिथला टी-ट्वेंटी नाणेफेकही न होता रद्द झाला.

आता घरी जाण्याबद्दल. वानखेडेच्या प्रेक्षकाला चर्चगेट चालत गाठता येते, त्यामुळे मुंबईच्या सभासदांना ही मागणी पटवून द्यायला थोडा वेळ लागला. गहुंजे द्रुतगती मार्गाच्या कडेला आहे. जामठा वर्धा रस्त्यावर, मेट्रोच्या खापरी स्थानकाच्याही पुढे. दोन्हीकडे बहुतेकांना खासगी गाडीच काढावी लागते, आणि सगळ्या गाड्या एकाच वेळी निघाल्या की तास-दोन तास वाहनतळातच जातात. सामन्याच्या तिकिटातच पीएमपी किंवा महापालिकेच्या बसचे जाण्या-येण्याचे तिकीट धरावे. पुणे-लोणावळा मार्गावर सामना संपल्यानंतर विशेष लोकल सोडण्याची आणि नागपूर मेट्रोच्या फेऱ्या वाढवण्याची लेखी हमी यजमान संघटनेने संबंधितांकडून घ्यावी आणि ती मंडळाकडे जमा केल्याशिवाय तिकीटविक्री सुरू करू नये. सामना कामाच्या दिवशी असेल तर हे आणखी गरजेचे. जामठ्याचा इंग्लंडविरुद्धचा एकदिवसीय सामना गुरुवारी दुपारी दीडला सुरू झाला. दुसऱ्या दिवशी शाळा आणि कचेऱ्या होत्याच.

पाणी, शौचालये, सावली यांवर फार लिहीत नाही. बाहेरची बाटली आत नेऊ देत नसाल तर आत पाणी फुकट द्या. महिलांची शौचालये प्रत्येक स्टँडमध्ये हवीत आणि ती शेवटच्या षटकापर्यंत स्वच्छ असावीत. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. चाकाच्या खुर्चीसाठी जागा, सोबत्याचे आसन आणि तिथवर जाणारा उतार हवाच; दिव्यांगांना सुगम प्रवेश देणे कायद्याने बंधनकारक आहे, त्याची मागणी करावी लागणे हीच नामुष्की. प्रवेशद्वारे आणि पास यांची माहिती आधी स्पष्ट न दिल्याने काय होते ते ४ जून २०२५ ला बंगळुरूने पाहिले. आयपीएल जिंकलेल्या संघाच्या स्वागताला जमलेल्या गर्दीत अकरा जण गेले. तो दौऱ्याचा सामना नव्हता, पण जिथे हे घडले ते चिन्नास्वामी हे दौऱ्याचेच मैदान आहे.

शेवटची मागणी काहींना किरकोळ वाटेल. मैदानात जे घडते ते प्रेक्षकाला सांगा, आणि महाराष्ट्रात ते मराठीतही सांगा. गहुंजेच्या सामन्यात शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला आणि त्याच्या जागी कन्कशन सब म्हणून हर्षित राणा आला. अष्टपैलूच्या जागी वेगवान गोलंदाज कसा, यावर नंतर बरेच रण माजले. राणाने तीन बळी घेतले आणि इंग्लंड पंधरा धावांनी हरले. फलंदाजीला आल्यावरच आपल्याला हे कळले, असे जोस बटलरने सामन्यानंतर सांगितले. पाहुण्या कर्णधाराची ही गत, तर वरच्या स्टँडमधल्या माणसाची काय असेल? टीव्हीपुढे बसलेल्याला समालोचक कारण सांगतो. पैसे मोजून आलेला मात्र घरी फोन लावून विचारतो की अरे, हा कोण टाकतोय आणि का? पंचांचे आणि सामनाधिकाऱ्यांचे निर्णय, खेळ थांबण्याचे कारण आणि पुन्हा सुरू होण्याची वेळ हे सगळे ध्वनिक्षेपकावर आणि मोठ्या पडद्यावर लगेच जाहीर व्हावे. दोन षटकांच्या मधल्या वेळात कर्कश गाणी लावायला ध्वनिक्षेपक पुरतो, तर याला का पुरणार नाही?

या अटी मोडणाऱ्या संघटनेचे काय करावे, तेही लिहितो. दंड पुरेसा नाही, कारण दंड शेवटी आमच्याच तिकिटांतून भरला जातो. त्या मैदानाची पुढची पाळी रद्द करावी. सामन्यानंतर तीस दिवसांत प्रेक्षक सुविधांचा अहवाल प्रसिद्ध व्हावा, आणि तो तयार करणाऱ्या समितीत तिकीट काढून आलेले किमान दोन प्रेक्षक असावेत, सोडतीने निवडलेले.

पुढच्या मायदेशातील हंगामाचे सामने वाटण्याआधी या मागण्यांवर मंडळाने आणि राज्यातल्या तिन्ही संघटनांनी आमच्या प्रतिनिधींशी एकत्र चर्चा करावी. बैठक मुंबई, पुणे, नागपूर यांपैकी कुठेही चालेल. ज्या मागण्या मान्य नसतील त्या का मान्य नाहीत, ते प्रत्येकीपुढे लेखी द्यावे.

आपले विश्वासू,
महाराष्ट्रातील क्रिकेट प्रेक्षकांच्या संघटनेचे अध्यक्ष, कार्यवाह व कार्यकारिणी सदस्य