सेवाव्रताच्या नावाखाली

परिचारिकांचा सत्कार करताना आम्ही धर्मगुरू एक वाक्य हमखास उच्चारतो : ही नोकरी नव्हे, हे पाचारण आहे. मग शाल, श्रीफळ, टाळ्या. सत्कारमूर्ती रात्रपाळी आटोपून तशीच आलेली असते हे आमच्या ध्यानात येत नाही; आले तरी तोही आम्ही तिचा त्यागच समजतो.

मनोरुग्णांची सेवा आम्हां कळंबकरांना दूरची नाही. याच कर्जत तालुक्यात वेणगावला श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे केंद्र आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचविण्याच्या या कार्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कौतुक यथायोग्यच झाले. परंतु असले काम प्रत्यक्षात करणारा कोण? जखमा धुणारा, शिव्या आणि मौन दोन्ही सोसणारा, तुटक बोलण्यातून गावाचे नाव हुडकणारा, रुग्णासोबत परप्रांतात आगगाडीने जाणारा सेवक. कधी आई लेकराला ओळखते. कधी भाऊ उंबऱ्यातच विचारतो, याला परत का आणलेत? तो प्रश्न उरी घेऊन सेवक परततो आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर उभा राहतो.

अशांना आमचा उपदेश तयार असतो : प्रार्थना करा, ध्यान करा, क्रूस वाहा. प्रार्थनेचे बळ आम्ही नाकारीत नाही. ती आमची भाकर आहे. पण कामाच्या दीर्घ, न आवरलेल्या ताणातून येणाऱ्या गळाठ्याची नोंद जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणात केली, ती रोग म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित स्थिती म्हणून. म्हणजे दोष सेवकाच्या श्रद्धेत न शोधता कामाच्या व्यवस्थेत शोधायला हवा.

पवित्र शास्त्र तरी काय सांगते? एलिया संदेष्टा रानात झुडपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिले नाही. भाकर दिली, पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. होरेब पर्वत त्यानंतरचा. आम्ही मात्र थकलेल्याला आधी पर्वत दाखवितो.

एका ख्रिस्ती संस्थेतील सेविकेने आमच्याकडे रजेची रदबदली मागितली होती. थकवा प्रभूचरणी अर्पण कर, असे आम्ही तिला सांगितले. काही महिन्यांतच ती नोकरी सोडून गेली, आणि निरोपसमारंभात आम्ही पुन्हा पाचारणावरच बोललो.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. तो २०१८ साली अमलात आला, आणि लोकसंख्येच्या मानाने पुरेसे तज्ज्ञ उभे करण्यासाठी त्याने सरकारला दहा वर्षे दिली. सरकारला जाब विचारायचा तो विचारूच. पण आमच्या संस्थांतील आयांना आठवड्याची सुटी मिळते काय, रात्रपाळीला एकाऐवजी दोघी असतात काय, रुग्णाने मारले तर तिचे ऐकून घ्यायला कोणी बसते काय, हे विचारायला कायद्याची वाट कशाला? पुढील सत्काराआधी शालीचे पैसे बाजूला ठेवून पाळ्यांचा तक्ता मागवावा.