आधी मोजू या, मग बोलावू या!

औंढा नागनाथ म्हटलं की सगळ्यांना ज्योतिर्लिंग आठवतं. हेमाडपंती देऊळ, महाशिवरात्रीची यात्रा, श्रावणी सोमवारची रांग... नामदेवांना विसोबा खेचर भेटले ते इथेच, अशी कथा आहे. पण आता औंढ्याला आणखी एक ओळख मिळते आहे, लायगो-इंडिया! जवळच्या दुधाळा गावच्या माळावर चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने त्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. झालं! आता पर्यटन वाढणार, हॉटेलं येणार, नशीब उघडणार, अशी स्वप्नं आमच्याकडे घरोघरी सुरू झाली.

मलाही हे हवंच आहे. आमच्याकडची मुलं कामासाठी पुण्या-मुंबईला जातात, मग गावात पैसा आला तर कोण नको म्हणेल? पण मित्र-मैत्रिणींनो, पाहुणे किती आणि कुठपर्यंत, हे ते यायच्या आधीच ठरवायला हवं.

साताऱ्याच्या कास पठाराचं उदाहरण घ्या. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यात कास आहे. मग काय, फुलांच्या सीझनमध्ये गाड्यांची रीघ! तिथे कातळावर मातीचा थर जेमतेम असतो. फोटोसाठी चार पावलं आत टाकली तरी रोपं तुडवली जातात. म्हणून दिवसाला तीन हजारांची मर्यादा आली, ऑनलाइन बुकिंग आलं, कुंपणही आलं. पण कुंपणाने माणसांबरोबर गुरंही अडली. चराई थांबल्यामुळे गवत माजतं आणि फुलं कमी होतात, अशी तक्रार सुरू झाली आणि शेवटी कुंपण काढावं लागलं. गर्दी झाल्यावर घाईने केलेले उपाय असेच अंगाशी येतात. एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. तिथला कारभार आसपासच्या गावांच्या समितीकडे आहे, त्यामुळे गावातल्या मुलांना काम मिळालं.

आमच्या माळावर कासची फुलं नाहीत, पण लायगोला शांतता लागते. प्रोटॉनच्या व्यासापेक्षा हजारो पटींनी लहान हालचाल मोजणारं हे यंत्र! अमेरिकेत लिव्हिंग्स्टनच्या लायगोला आगगाडी आणि वृक्षतोडीच्या हादऱ्यांनी सतावलं. हॅनफर्डला २०१७ साली तहानलेल्या डोमकावळ्यांनी पाइपवरचा बर्फ टोचला, तर तेसुद्धा सिग्नलमध्ये उमटलं! मग रविवारी शेकडो गाड्या आल्या तर काय होईल, विचार करा.

म्हणून लोकांना येऊच द्यायचं नाही का? मुळीच नाही! लिव्हिंग्स्टनला लोकांसाठी विज्ञान केंद्र आहे आणि तिथे ठरलेल्या दिवशी वेधशाळाही दाखवतात. आपलं केंद्र औंढ्यातच, देवळाजवळ असावं. दर्शनाला आलेला माणूस आपोआप तिथेही डोकावेल. गाड्या गावातच थांबवाव्यात, पुढे ठरावीक बस न्याव्यात. भुजांच्या आजूबाजूला हॉटेलांना परवानगी नको. गाईड म्हणून दुधाळ्याची आणि औंढ्याची मुलं-मुली घ्यावीत, म्हणजे हे सगळं सांभाळणं त्यांना स्वतःचं काम वाटेल.

हे सगळं वेधशाळा बांधून होण्याच्या आधी ठरलं पाहिजे. सिव्हिलवाल्यांनो, प्रोजेक्टसाठी विषय शोधताय ना? यात्रेच्या दिवशी औंढ्याच्या रस्त्यावर किती गाड्या येतात, ते मोजून आणा. पर्यटनाचा आराखडा करताना पहिला आकडा तोच लागणार आहे!