पाचवा गियर आणि मधली जागा

मोटार जुनी झाली की तिच्यावर मालकापेक्षा सल्लागारांचा हक्क जास्त. वाशीच्या आमच्या सोसायटीत वडिलांची 1977 ची पद्मिनी उभी असते आणि येणारा-जाणारा तिच्याकडे इस्पितळात भेटायला आल्यासारखा बघतो.

"काका, गियर अडकतोय ना? बॉक्सच बदलून टाका," पुतण्या म्हणाला. "बाजारात पाच गियरांचा मिळतो. दांडा खाली जमिनीवर. एकदम स्पोर्ट्स कार!" तुर्भ्याच्या मिस्त्रींनीही मान डोलावली. खर्च माझा असला की मान डोलवायला कोणाचं काय जातं?

अहो, 1089 सीसीचं इंजिन. घोडे चाळीसच्या आसपास, तेही आता पेन्शनीत निघालेले. पाचवा गियर म्हणजे इंजिनाने कमी फिरायचं आणि चाकांना जास्त फिरवायचं. वाशीच्या खाडीपुलावर चढताना हे घोडे चौथ्यातच धापा टाकतात. पाचव्यात ते काय डोंबल ओढणार!

आणि नुसता बॉक्स आणून भागतं थोडंच? इंजिनाला जोडायला मधली प्लेट घडवा, क्लचप्लेट जुळवा, प्रोपेलर शाफ्ट कापा आणि दांडा वर यायला गाडीच्या तळाला भोक पाडा! 2021 च्या नियमांत पन्नाशी उलटलेल्या गाडीला 'व्हिंटेज'चा मान आहे, पण चासी-बॉडीची मोडतोड न केलेल्या. म्हणजे सत्काराच्या तोंडावर आम्ही म्हातारीचं पोट फाडायचं.

दुखणं काय, तर स्टिअरिंगपासून बॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळयांचे बुश झिजलेत. ते बदला की! चष्म्याचा नंबर वाढला म्हणून कोणी डोळे बदलत नाही. राहता राहिला पहिला गियर. त्याला सिंक्रो नाही, त्यामुळे गाडी थांबल्याशिवाय तो नीट पडत नाही. मग थांबावं. वाशीच्या सिग्नलला नाहीतरी दुसरं काय करतो आपण?

मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात वीस वर्षं भरून रस्त्यावरून उतरल्या. आता उरल्यात त्या आमच्यासारख्यांच्या दारातल्या. त्याही कापून 'स्पोर्टी' केल्या, तर पद्मिनी कशी होती हे दाखवायचं कशात?

आणि खरं सांगू? गियर स्टिअरिंगला आहे म्हणून पुढे अखंड बाक आहे. वडील चालवत, आई दाराशी आणि मधे मी. रस्ता सगळ्यांच्या आधी मलाच दिसायचा. पुतण्याचा तो जमिनीवरचा दांडा नेमका तिथेच उगवणार.

मिस्त्री, बुश आणा. ती जागा भरलेली आहे.