दिवस किती धरायचे?

मुंबईहून गोव्याला जायला किती वेळ लागतो? विमानाने गेलात तर तासाभराहून थोडा अधिक, कोकण रेल्वेने एक रात्र, आणि मोटारीने गेलात तर महामार्गावरच्या खड्ड्यांची मर्जी असेल तितका. पण हाच प्रश्न महामार्ग सोडून समुद्राच्या काठाकाठाने जाणाऱ्या सायकलवाल्याला विचारून पाहा. एक जण म्हणेल सहा दिवस, दुसरा म्हणेल बारा. आणि गंमत अशी, की दोघेही खरेच बोलत असतात.

आमच्या घरात गेले तीन आठवडे हाच वाद चालू आहे. चकलीची भाजणी दळून आली, तरी तो मिटलेला नाही. चिरंजीवांना नोकरीतून सलग नऊ दिवसांची सुटी मिळाली आहे आणि मला कॉलेजची दिवाळीची सुटी आहेच. भाऊबीज आटोपली की कार्तिक शुद्ध षष्ठीला बापलेकांनी सायकलींसकट भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसायचे, मांडव्याला उतरायचे आणि दक्षिणेची वाट धरायची, एवढे ठरले आहे. कुठवर जायचे आणि किती दिवसांत, यावर मात्र घोडे अडले आहे.

चिरंजीवांचे गणित सरळ होते. अंतर पाचशे किलोमीटरांहून थोडे अधिक, रोजचे नव्वद, म्हणजे सहा दिवसांत गोवा. उरलेले तीन दिवस गोव्यात आराम आणि परत. मोबाईलवर त्याने तसा तक्ताही मांडला होता. ज्याने तासाला वीसच्या वेगाने मुंबईच्या सपाट रस्त्यांवर महिनाभर सराव केला आहे, त्याला दिवसाला नव्वद म्हणजे काय मोठे!

परंतु कोकणचा किनारी रस्ता हा सपाट रस्ता नव्हे. रेवसपासून रेड्डीपर्यंतच्या सागरी महामार्गाचे स्वप्न बॅरिस्टर अंतुले यांनी पाहिले, त्याला चाळीस वर्षे उलटून गेली. तरी अजून या वाटेवर खाड्यांचे राज्य आहे. रस्ता समुद्राकाठच्या माडांतून जातो, मग चढून सड्यावर येतो, सड्यावर जरा दम खाल्ला की पुन्हा नागमोडी उताराने खाडीशी उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढ. नकाशावर हाताच्या बोटाएवढे दिसणारे अंतर पायांना हाताएवढे लागते. अशा वाटेवर सामानासह तासाला बारा किलोमीटर पडले तर ते पुष्कळ झाले.

त्यातून उजेडाचा हिशेब आहे. या दिवसांत साडेसहाच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी सहाला सूर्य बुडतो. अकरानंतर ऊन असे चटकते, की तीन-साडेतीनपर्यंत कुठल्या तरी देवळाच्या सभामंडपात पाठ टेकणेच शहाणपणाचे. म्हणजे सकाळचे चार तास आणि दुपारनंतरचे दोन. बारा गुणिले सहा, बहात्तर. त्यात पंक्चर आले, पाणी भरणे आले, आणि फेरीबोटी आल्या. मांडव्याची धरली तर रत्नागिरीला पोचेपर्यंत पाच वेळा पाण्यावरून जायचे: मग आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. बोट समोरून सुटताना दिसली की पुढचा बराच वेळ धक्क्यावरचा चहा. दिवसाचे साठ धरावेत, एकही अधिक नाही. दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या बाजूने एक गोष्ट असते, ती वारा. दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा सुटतो तो पाठीशी राहतो. गोव्याहून मुंबईकडे येणाऱ्याने तोच वारा छातीवर घ्यायचा.

तर साठाने भागिले तर गोव्यापर्यंत नऊ दिवस होतात. शिवाय नवशिक्याचे बूड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बंड पुकारते (सौ.समोर हा शब्द मी वापरला नव्हता), तेव्हा मधे एक दिवस खाडा हवाच. झाले दहा. परतीचा एक मिळून अकरा. चिरंजीवांजवळ नऊ.

“मग कुठे तरी रात्री थोडे चालवू,” तो म्हणाला.

“कोकणात रात्री सायकल चालवणार असाल तर मी दोघांनाही घराबाहेर पडू देणार नाही,” हे स्वयंपाकघरातून आले. त्या कलमावर पुढे चर्चा झाली नाही.

खरे सांगायचे तर, माझे भांडण नव्वद की साठ यासाठी नव्हतेच. मी पडलो मराठीचा मास्तर. जयगडहून गणपतीपुळ्याकडे येताना मालगुंड लागते, तिथे केशवसुतांचे स्मारक आहे. ते चालत्या सायकलीवरून पाहायचे? आंजर्ल्याच्या वाटेवरचे मुर्डी हे श्री. ना. पेंडशांचे गाव, तिथे निदान पाणी प्यायला तरी उतरायला नको? हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव बघत उभे राहायचे असेल, तर त्या दिवशी दाभोळ गाठण्याची भाषा विसरावी लागते. चिरंजीव म्हणतात, “बाबा, ही सहल आहे की अभ्यासक्रम?” प्रश्न अगदीच गैर नाही. मीही पुष्कळ नावे यादीतून खोडली. एक मात्र खोडता येईना.

केळशीला माझी आत्या असते. वय चौऱ्याऐंशी. मुले पुण्याला, मोठे घर, मागे आगर, आणि सोबतीला एक गडी. मे महिन्यात सगळे जमतात तेव्हा घर भरलेले असते आणि तिच्याशी बोलायला कोणालाच वेळ नसतो. चिरंजीवांच्या तक्त्यात केळशीपुढे लिहिले होते: ‘मुक्काम, एक रात्र, पहाटे साडेपाचला प्रस्थान.’

एका रात्रीचा पाहुणा म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. आत्या सकाळपासून खपणार. डाळिंब्या सोलणार, नारळ खवणणार, उकडीचे मोदक करणार. आम्ही संध्याकाळी थकून पोचणार, जेवणार, जेवता जेवता पेंगणार. ती पहाटे चारला उठून चूल पेटवणार आणि साडेपाचला अंगणात उभी राहून आमचे मागचे लाल दिवे बघणार. दोन रात्री राहिले, तर दुसऱ्या दिवशी दुपारी ती ओटीवर येऊन बसते आणि बोलते. आजोबांचे, गलबतांचे, मुंबईहून आगबोट बंदरात लागायची त्या दिवसांचे. हे मी त्याला समजावून सांगितले नाही. अशा गोष्टी सांगितल्या की तो उपदेश होतो. मी फक्त म्हणालो, “येणार आहोत, एवढे तिला फोनवर तूच कळव.”

त्याने कळवले. मी शेजारी पेपर वाचत होतो.

“कुठल्या तिथीला येताय?” आत्याने पहिला प्रश्न टाकला. त्याने तारीख सांगितली. तिकडे कालनिर्णयाची पाने फडफडली. “म्हणजे अष्टमी. आदल्या रात्री हरिहरेश्वर ना? मग सकाळी उठल्या उठल्या प्रदक्षिणेला जाऊ नका. अष्टमीला भरती सहाची. दहाच्या पुढे उतरा खाली.”

फोन ठेवल्यावर त्याने मला विचारले, हे तिला कसे कळले? कोकणात हे गणित शाळेबाहेर शिकवतात. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुढे सव्वासहा तासांनी ओहोटी. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट डोंगराच्या कपारीतून थेट समुद्राकाठच्या खडकांवर उतरते, तिथे ओहोटीलाच जायचे असते. अष्टमीला भांगाची भरती, म्हणजे पाणी उधाणाइतके चढत नाही. तरी खडक ओले ते ओलेच. चिरंजीवांच्या तक्त्यात सकाळी सातला ‘प्रदक्षिणा, वीस मिनिटे’ असे होते.

पण मला त्या फोनमधले लक्षात राहिले ते वेगळेच. आत्याने विचारले होते, “आणि निघणार कधी?”

“दुसऱ्या दिवशी पहाटे, आजी.”

“बरं,” ती म्हणाली. एवढेच. ‘राहा’ म्हणाली नाही.

त्या रात्री बराच वेळ त्याच्या खोलीत दिवा होता. सकाळी चहाबरोबर नवा तक्ता माझ्यापुढे आला. पहिला मुक्काम मुरूड, दुसरा हरिहरेश्वर, तिसरा केळशी. चौथ्या दिवसापुढेही केळशीच. पाचवा दाभोळ, सहावा हेदवी, सातवा मालगुंड, आठवा रत्नागिरी. नववा दिवस परतीच्या गाडीचा. गोवा यादीत कुठेच नव्हता.

“मित्रांना काय सांगणार?” मी विचारले.

“रत्नागिरी ते तेरेखोल पुढल्या वर्षी,” तो म्हणाला. “आणि बाबा, हर्णैचा लिलाव बसत नाही हं. दाभोळला उजेडी पोचायचे तर हर्णै दुपारीच सोडावे लागेल.” मी लिलाव सोडून दिला.

आता राहिली बारीकसारीक कामे. रत्नागिरीला सायकली गाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये चढवायच्या, म्हणून स्टेशनच्या पार्सल कचेरीत दोन तास आधी हजर राहायचे. वाळूवरून सायकल नेली की खारे पाणी साखळी खाते, म्हणून तेलाची कुपी बरोबर. सौ.ने केळशीसाठी चकल्यांचा डबा बाजूला काढून ठेवला आहे. तो दोन किलो भरतो, आणि चढावर तो कोणाच्या सायकलीवर असावा, यावर काल रात्रीपासून नवा वाद सुरू आहे.