मोर्चातला एकटा चेहरा

नाशिकहून निघालेला शेतकरी-आदिवासींचा लाँग मार्च १२ मार्च २०१८ रोजी मुंबईच्या आझाद मैदानात पोचला, तोवर त्याची दोन प्रकारची छायाचित्रे सर्वदूर पोचली होती. एक, महामार्गावरून वाहत येणाऱ्या लाल टोप्यांची. दुसरी, कातडी सोलून निघालेल्या तळव्यांची. सुमारे १८० किलोमीटर म्हणजे काय, ते शहराला कळले तळव्यांमुळे. दहावीच्या मुलांची परीक्षा अडू नये म्हणून हेच तळवे शेवटच्या रात्री झोप सोडून सोमय्या मैदानापासून चालत आले होते. ते कोणाचे, हे कळायला चेहरा लागला नाही.

पण प्रत्येक मोर्चाचे नशीब असे नसते. हल्ली मोर्चा मैदानात टेकतो न टेकतो तोच कुणीतरी बूम घेऊन रांगेतली सगळ्यांत भोळी दिसणारी म्हातारी हेरतो. ‘आजी, कशासाठी आलात?’ आजी गोंधळते, पदर सावरते, ‘समदी आली म्हून आले’ म्हणते. संध्याकाळपर्यंत ती पंधरा सेकंदांची आजी फोनाफोनांतून फिरते आणि खाली हसण्याची जत्रा भरते. तिच्या पिशवीत वनजमिनीच्या दाव्याचा जीर्ण कागद असेलही. तो दाखवायला सांगण्याइतका वेळ बूमवाल्याकडे नसतो. (हाच प्रश्न मंत्रालयातल्या एखाद्या बैठकीच्या दारात विचारून पाहावा. उत्तरे फार वेगळी येतील असे वाटत नाही.) मोर्चात माणूस येतो तो डोकी मोजली जावीत म्हणून. गर्दी हे त्याचे बळ असते आणि आडोसाही. कॅमेरा त्याला एकट्याला बाहेर ओढतो तेव्हा दोन्ही जातात.

कॅमेऱ्याने खरे काम केल्याचीही उदाहरणे आहेत. ११ ऑगस्ट २०१२ रोजी याच आझाद मैदानाच्या सभेनंतर हिंसाचार झाला. अमर जवान स्मारकाची नासधूस करणारा तरुण वृत्तछायाचित्रात टिपला गेला होता; पुढे तो बिहारमध्ये पकडला गेला. त्या दिवशी छायाचित्रकारांनीही मार खाल्ला होता. त्या छायाचित्राविषयी कोणाची तक्रार असू नये. कारण तिथे एक कृत्य टिपले होते. नुसती हजेरी नव्हे.

हजेरीचेच पुरावे करायचे ठरवले की काय होते, ते लखनौने मार्च २०२० मध्ये दाखवले. नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरोधी निदर्शनांतील आरोपींचे फोटो, नाव-पत्त्यांसह, तिथल्या राज्य सरकारने चौकाचौकांत फलकांवर लावले. गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, रविवारी सुनावणी केली आणि ९ मार्चला फलक उतरवायचा आदेश दिला. त्याच आठवड्यात गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले, की दिल्लीच्या दंगलीतील अकराशेहून अधिक जण चेहरा ओळखणाऱ्या संगणक प्रणालीने हुडकले. त्यासाठी मतदार ओळखपत्र आणि वाहन परवान्यांवरचे फोटो वापरले. दंगलखोर पकडावेतच. पण मत द्यायला म्हणून काढलेला फोटो रस्त्यावरच्या चेहऱ्याशी जुळवला जाणार आहे, हे तो काढताना कोणी सांगितले होते? आणि जे यंत्र दंगलीत चालते, ते शांत मोर्चात बंद ठेवायचे असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे?

म्हणून वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर छापलेला चेहरा आता दुसऱ्या दिवशी रद्दीत जात नाही. गिरणीचा, कंपनीचा, शाळेचा मालक तो जपून ठेवू शकतो. कंत्राटावरच्या शिक्षिकेला किंवा अंगणवाडी सेविकेला तो नोकरीइतका महाग पडू शकतो. व्यासपीठावरच्या पुढाऱ्याला हे लागू नाही. तो चेहरा दाखवायलाच आलेला असतो.

छायाचित्रकार मित्रांनो, मोर्चा जरूर टिपा, हजारोंचा टिपा, लाठी उगारणारा हात तर आधी टिपा. पण रांगेतल्या एकाच बाईवर भिंग रोखायचे असेल, तर क्षणभर कॅमेरा खाली घ्या, तिचे नाव-गाव आणि मागणी विचारा. ती नको म्हणाली, तर पुढे चला.