मालकाचे गाव आणि कामगाराचा हक्क

कारखान्याशेजारी मालकाने घरे बांधली, शाळा काढली, दवाखाना उघडला, की कामगारांचा प्रश्न मिटला, असा समज इंदापूर-बारामती परिसरात वालचंदनगरच्या स्थापनेपासून रुजलेला आहे. तो कितपत खरा आहे हे तपासण्यास न्हाणीघराचे साहित्य बनविणाऱ्या एका अमेरिकन कारखान्याचा इतिहास उपयोगी पडेल.

कोहलर कंपनी 1873 साली विस्कॉन्सिन राज्यातील शेबॉयगन येथे ओतशाळा म्हणून निघाली. 1883 साली तिने जनावरांच्या पाण्याच्या लोखंडी डोणीला इनॅमलचा लेप दिला आणि तिचाच न्हाणीचा टब केला. 1920 च्या दशकात चिनी मातीची संडासाची भांडी व बेसिने तेथे तयार होऊ लागली. दरम्यान 1912 साली मालकाच्या नावाचे स्वतंत्र गावच अस्तित्वात आले. आखीव रस्ते, बागा, कामगारांनी विकत घ्यावयाची घरे आणि 1918 साली परदेशातून आलेल्या कामगारांसाठी प्रशस्त वसतिगृह! मालकाच्या घराण्यातील वॉल्टर कोहलर 1929 साली राज्याचे गव्हर्नर झाले.

याच आदर्श गावात 27 जुलै 1934 रोजी संघटनेस मान्यता मागणाऱ्या संपकऱ्यांवर गोळीबार होऊन दोघे ठार झाले. 5 एप्रिल 1954 रोजी पुन्हा संप सुरू झाला. इनॅमलच्या भट्टीवर राबणाऱ्यांना जेवणासाठी पगारी सुट्टी मिळावी, ही त्यातील एक मागणी होती. गावाला बाग देणाऱ्या मालकाला जेवणाची वेळ देणे मात्र जड गेले. कारण बाग ही देणगी होती, जेवणाची सुट्टी हा हक्क ठरला असता. कंपनीने बेकायदा वर्तन करून संप लांबविला, असा निर्णय 1960 साली राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाने दिला. 1965 साली 45 लाख डॉलर देऊन कंपनीने तडजोड केली. कामगारांचे ते वसतिगृह 1981 पासून महागडे हॉटेल आहे.

वालचंद हिराचंद यांचाही न्हाणीघराशी संबंध होता. 1926 साली त्यांनी काढलेली इंडियन ह्यूम पाइप कंपनी पाण्याचे व सांडपाण्याचे नळ बनवीत असे. पुढे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर कळंबच्या माळावर ऊस, साखर कारखाना आणि वसाहत उभी राहिली. हे कर्तृत्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु जमिनीच्या मालकीचा प्रश्न औदार्याने सुटला नाही. त्यासाठी 1961 चा कमाल जमीनधारणा कायदा करावा लागला. खासगी साखर कंपन्यांचे मळे, त्यांत वालचंदनगरचेही, 1963 साली स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेले. तरीही खंडाने जमिनी दिलेल्या शेतकऱ्यांना त्या परत मिळविण्यासाठी अनेक दशके झगडावे लागले. म्हणजे नुसता कायदाही पुरत नाही. त्यामागे संघटना लागते.

आज बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगाराला मालकाचे घर नाही आणि कायमपणाचा हक्कही नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार कोणत्याही कारखान्यात संपापूर्वी 14 दिवसांची नोटीस देणे बंधनकारक आहे. उलट 300 हून कमी कामगार असलेल्या कारखान्याला कामगारकपात करण्यास सरकारची परवानगी लागत नाही. पूर्वी ही मर्यादा 100 होती. साखर कारखान्यांच्या हंगामात बीडकडून येणारा ऊसतोडणी मजूर तर उसाच्या पाचटाच्या कोपीत राहतो. त्याच्या बायकोला अंधार पडण्याची वाट पाहावी लागते. जगभर शौचालये विकणाऱ्या या युगात हे घडते!

म्हणून निवारा, पाणी आणि शौचालय या बाबी मालकाच्या वा संचालकांच्या मर्जीवर न सोडता लेखी करारात आल्या पाहिजेत. ज्याच्या मागे करार नाही ती सोय उद्या काढून घेता येते. कार्यकर्त्यांनी येत्या गळीत हंगामात कारखान्याच्या दारात हीच मागणी घेऊन उभे राहावे.